बिनखमिराचा पाव

कसबा बावडा, कोल्हापूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय निशिगंधावहिनी,

नमस्कार. मलकापुरात थंडी इथल्यापेक्षा जास्त असणार, तेव्हा आधी अंगावर काहीतरी घ्या आणि मग पुढचं वाचा. तुमच्या आईंना आमच्या सगळ्यांचा नमस्कार सांगा.

इकडं सगळे बरे आहेत. आण्णांचा गुडघा कुरकुरतोय, पण उसाला तोड आल्यापासून ते घरात थांबायला तयार नाहीत. तुमची लाडकी चांदी व्याली, रेडी झाली. दादा दूध घालून येतो, जेवतो आणि मोबाईलकडं बघत बसतो. मी रोज डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासते आणि संध्याकाळी घरी येऊन कुणाशी बोलावं असा विचार करते. तुम्ही होतात तेव्हा मला एवढ्या गप्पा लागतात हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

फोनवर तुम्ही 'बरी हाय, जेवले, ठेवू का?' एवढंच बोलता. म्हणून पत्र. दादाचे मित्र विजयसिंह हल्ली रत्नागिरीच्या गाडीवर कंडक्टर आहेत, ते मलकापूर स्टँडवर तुमच्या हातात देतील. सोबत एक डबा आहे. त्यात केळ्याचा पाव आहे. पाव म्हणायचं, पण त्यात खमीर नाही आणि अंडंही नाही. कणीक, परड्यातली देशी केळी, गूळ, ताक, तूप आणि खायचा सोडा. मी केलाय.

सहज जमला असं समजू नका. पहिल्या वेळी गरम दुधात गूळ घातला आणि दूध नासलं. दुसऱ्या वेळी पीठ भिजवून, वर ओलं फडकं टाकून, पोळ्यांच्या कणकेसारखं तासभर मुरू दिलं. पाव असा बसला की आण्णा म्हणाले, "दाराला अटकाव म्हणून लावा." तिसऱ्या वेळी सोड्याऐवजी पापडखार पडला, कारण आपल्या घरात दोन्ही एकसारख्या डब्यांत असतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो चांदीनंसुद्धा हुंगून सोडला. चौथ्या वेळी भात शिजला का बघावं तसं जो येईल तो झाकण उघडून बघत होता, त्यामुळं मधोमध खड्डा पडला. हा पाचवा. तळाला मीठ पसरलेल्या पातेल्यात भाजलाय, झाकणावर निखारे ठेवून. तुमचा ओव्हन वापरलेला नाही. त्याच्यावर आईनं तिचं जुनं लुगडं झाकून ठेवलंय आणि रोज धूळ झटकते.

आता त्या सकाळचं. इतके दिवस मी त्यावर काही बोलले नाही, पण न बोलता नुसता डबा पाठवणं मला बरं वाटेना.

मी तेव्हा कामावर होते, त्यामुळं मला सगळं नंतर कळलं. दिवाळीनंतरचा तो रविवार होता. तुम्ही पावाचं पीठ मळायला खमिराच्या बरणीवरचा फडक्याचा दादरा सोडलात, आईनं आत डोकावून बघितलं, आणि फसफसतंय कशानं असं विचारलं. तुम्ही खरं तेच सांगितलंत, की ते जिवंत असतं, त्याला खायला घालावं लागतं. तुम्ही दुकानात जाऊन येईपर्यंत आईनं बरणी म्हशीच्या आंबोणात रिकामी केली, धुतली आणि कट्ट्यावर उपडी घातली. तुम्ही परत आलात, उपडी बरणी बघितलीत आणि पिशवी भरून मलकापूरची गाडी धरलीत.

तुमचे बाबा मलकापुरात पावाची भट्टी चालवायचे, आणि ते गेल्यावर भट्टी बंद पडली तेव्हा तुम्ही त्यांच्या हातचं एवढंच खमीर मागून घेतलं होतंत, हे तुम्ही मला एकदा गच्चीवर सांगितलं होतंत. आईच्या गळ्यात माळ आहे, जीव असलेलं काही ती खात नाही, हे मला समजतं. पण विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू फेकायची नाही, हे समजायला माळ लागत नाही. आण्णा पाहुण्यांपुढं मला घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवतात. त्या पदवीचा एवढा तरी उपयोग व्हावा, की चूक आपल्या माणसाची असली तरी तिला चूक म्हणता यावं.

म्हणून मी 'परत या' असं लिहिणार नाही. दादाला मात्र मी रोज बोलते. त्याचं म्हणणं, "दोघींच्या मधी मी काय बोलू?" मी म्हटलं, मधे नको बोलूस, कडेला उभा राहून बोल, पण बोल.

आणखी काय? माझ्या खोलीत हल्ली आंबट वास येतो म्हणून आई सारखी खिडकी उघडते. बाकी काही नाही.

पाव कसा झालाय ते कळवा. डबा परत पाठवायची घाई नाही.

तुमची,
स्वप्नाली

•

कसबा बावडा
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

डबा पोचला, तोही रिकामा नाही. तुमच्याकडची खारी आम्ही दोन दिवसांत संपवली. आईनं घेतली नाही, पण आण्णा खात होते तेव्हा ती समोर बसून होती आणि "कशी हाय?" असं दोनदा विचारलं.

तुम्ही पत्राचं उत्तर दिलं नाहीत. दादाला फोनवर फक्त एवढंच विचारलंत म्हणे, "वन्संना वेलदोडा कधीपासून चालायला लागला?"

तुमच्यापुढं काही लपत नाही. श्रीखंडातला वेलदोडासुद्धा मी बोटानं बाजूला काढते, आणि त्या पावात तर तो मूठभर होता. शिवाय सोडा घातलेलं पीठ तासभर मुरवत ठेवायला मी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी काय झोपेत झाले होते? मला वाटलं होतं, चुका लिहिल्या की पत्र खरं वाटेल. त्या चुकाच माझ्या नव्हत्या.

पाव आईनं केला. पाचही.

झालं असं. तुम्ही गेल्यावर आठवडाभर मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. एका संध्याकाळी ती डाळ निवडत बसली होती, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, आई, ते दुकानातलं पीठ नव्हतं. ते वहिनींच्या वडिलांच्या हातचं होतं. वर्षानुवर्षं ते त्यातलंच थोडं मागं ठेवून पुढचं पीठ फुगवायचे. त्यांच्या माघारी तेवढंच उरलं होतं.

ती डाळ निवडतच राहिली. खडा नसलेली मूठसुद्धा पुन्हा पुन्हा बघत होती. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलंच न्हाय की. मी म्हटलं पाकिटातलं आसंल." आणि उठून गोठ्यात गेली. आपल्या आईची रडायची जागा गोठा आहे, हे तुम्हाला माहीत नसेल. मला लहानपणापासून माहीत आहे. म्हशी कुणाला सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "बिनखमिराचा पाव हुतोय का गं?" मी सांगितलं, होतो, सोड्यावर होतो. आंबट ताक आणि सोडा एकत्र आले की बुडबुडे येतात, त्यावर पीठ फुगतं.

"आन त्यो सोडा जिता आसतोय का मेलेला?"

"तो कधी जिवंत नसतोच, आई. मीठ जसं, तसा तो."

"मग चालतंय."

त्यानंतरचं तुम्ही वाचलंच आहे, फक्त माझ्या नावावर. मी तिला शंभरदा सांगितलं, खमिराला थांबायला आवडतं, सोड्याला अजिबात थांबवत नाही, मिसळलं की लगेच भाजायला ठेव. तर म्हणे, "कणीक मुरल्याबिगर कुठं चांगली हुती?" झाला धोंडा, मग ऐकलं. वेलदोड्यावरूनही वाद झाला. मी नको म्हणत होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "तिला आवडतोय," एवढंच म्हणाली आणि खलबत्ता ओढला. तुम्ही चहात वेलदोडा ठेचून घालता हे तिच्या लक्षात आहे, वहिनी. तुम्ही इथं असताना मात्र ती त्याच चहाला 'काढा' म्हणायची.

नाव लपवायला तिनंच सांगितलं. "माझं नाव सांगितलंस तर ती डबा उघडायची न्हाय," म्हणाली. मी तिचं ऐकायला नको होतं. पण अगदी खरं सांगू? मलाही तीच भीती होती.

मी तिला विचारलं, की चुकलं असं सरळ फोन करून का सांगत नाहीस? तिला ते जमत नाही. आयुष्यात तिला कुणी 'माझं चुकलं' असं म्हटलेलं नाही, मग तिला ते म्हणायची सवय कुठून लागणार? ती म्हणाली, "आमच्यात बोलत न्हाईत. घासातला घास देत्यात." मी म्हटलं, हे पुरेसं नाही. ती म्हणाली, "मला म्हायती हाय पुरत न्हाय ते. म्हणून तर पाच डाव केला."

हे मी तिची बाजू मांडायला लिहीत नाही. माझी बाजू पहिल्या पत्रात होती तीच आहे.

विजयसिंह सांगत होते, तुम्ही भट्टीचं धुराडं साफ करून घेतलंत आणि शटरला रंग दिलात. मनापासून सांगते, मला फार आनंद झाला. दादाचा चेहरा मात्र पडला. तुम्ही भट्टी चालू केलीत तर परत येणार नाही असं त्याला वाटतं. मी म्हटलं, मलकापूर काय परदेशात आहे? बायको काम करते म्हटल्यावर नवऱ्यानं एस.टी.चा पास काढायला शिकावं. आण्णा हसले, दादा नाही. पण त्यानं पासाची चौकशी केली आहे, असं मला विजयसिंहांकडूनच कळलं.

तुमच्या आई विजयसिंहांना म्हणाल्या म्हणे, की पाकिटातल्या यीस्टनं पाव फुगतोय, पण बाबांच्या पावाची चव येत नाही. ऐकायला साधं आहे, पण हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

एक सहज विचारायचं होतं. थंडीत बाबा खमिराची बरणी कुठं ठेवायचे? भट्टीच्या जवळ की लांब? माझ्या कामाच्या दृष्टीनं विचारते आहे. वेळ मिळाला तर सांगा.

वेलदोडा न खाणारी,
तुमची वन्सं

•

कसबा बावडा
शनिवार, १० जानेवारी २०२६

प्रिय वहिनी,

हे पत्र विजयसिंह आज दुपारच्या गाडीनं आणतील, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात असेल. ते मुद्दाम उद्याच्या आधी पोचायला हवं. कारण खाली कळेलच.

'भट्टीच्या मागच्या कोनाड्यात, पोत्यात गुंडाळून' हा तुमचा निरोप पोचला. माझ्या कामाच्या दृष्टीनं म्हणजे काय, असं तुम्ही विचारलं नाहीत. तुम्हाला शंका आली असेल तर ती खरी आहे.

बरणी आईनं धुतली होती, पण तोंडावर बांधलेला दादरा तसाच खुंटीला अडकवलेला होता. तुम्ही गेल्यावर तो माझ्या हाताला लागला. कडेला पीठ वाळून कडक पापुद्रा झाला होता. लॅबमध्ये आम्ही वाळलेल्या डागातूनसुद्धा जीव वर आणतो, म्हणून मी तो कोमट पाण्यात भिजवला, त्यात थोडं पीठ घातलं आणि पेला माझ्या कपाटात ठेवला. बरेच दिवस काहीच झालं नाही, नुसता वास. मग एक दिवस एक बुडबुडा आला.

तुम्हाला का नाही सांगितलं? आधी वाटलं, जगलं नाही तर तुम्हाला ते दुसऱ्यांदा गमवावं लागेल. नंतर जगलं, तेव्हा वेगळंच वाटायला लागलं. हे कळलं तर तुम्ही खमिरासाठी इथं याल, आणि मग या घरात तुम्ही मनानं आलात की बरणीसाठी, हे मला कधीच कळणार नाही. दोन पत्रांत तुमच्या हक्काबद्दल एवढं लिहिलं, आणि तुमची वस्तू मात्र माझ्या कपाटात. हे बरोबर नव्हतं. पण आज लिहायचं मुख्य कारण ते नाही.

नाताळाच्या सुमारास मला लॅबच्या प्रशिक्षणाला पुण्याला जावं लागलं. जाताना पेल्यात जास्तीचं पीठ घातलं आणि देवाचं नाव घेतलं, कारण सांगावं असं घरात कुणी नाही असं मला वाटत होतं. प्रशिक्षण लांबलं. परत येताना मी गाडीत मनाची तयारी करूनच बसले होते.

कपाटात पेला नव्हता. मी स्वयंपाकघरात धावले. चुलीमागं, जिथं ऊब असते पण आच लागत नाही तिथं, तुमची बरणी होती. आईच्या स्वेटरात गुंडाळलेली, वर धुतलेला पांढरा दादरा. मी तो सोडला. खमीर काठापर्यंत आलं होतं, वहिनी. जाळीदार, फसफसणारं, तुम्ही ठेवायचात तसं.

आई मागं उभी होती. मला वाटलं, आता मी रागवावं की तिनं रागवावं? ती म्हणाली, "उपाशी टाकून गेलीस की गं त्येला. जितं हाय ते."

"तुला कधी कळलं?"

"वास काय दडतोय व्हय? पयल्याच दिवशी कळलं."

मी म्हटलं, मग तू तर असलं काही घरात नको म्हणत होतीस. त्यावर तिनं मला जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. "मारून खायाचं न्हाय, ही माझी माळ. मी खानार न्हायच. पर दारात आलेल्या जिवाला उपाशी मारायचं, हे कुठल्या माळंत बसतंय? त्या दिवशी मी तेच केलं." मग बरणीकडं बघत हळूच म्हणाली, "इवायांच्या हातचं, तिच्या बाच्या हातचं हुतं. चुकलं माझं."

ती हे मला म्हणाली नाही, बरणीलाही म्हणाली नसेल. तुम्हाला म्हणाली. पण तुम्ही तिथं नव्हतात, म्हणून मी लिहिते आहे.

तेव्हापासून रोज सकाळी म्हशींची वैरण झाली की ती हात धुऊन बरणीला पीठ घालते. कुणाला हात लावू देत नाही. मी एकदा डावभर पाणी जास्त घातलं तर मला ऐकून घ्यावं लागलं.

परवा आम्ही यावर नीट बोललो. आईचं पहिलं म्हणणं होतं, की "ती आली की तिच्याच हातात दीन." मी म्हटलं, म्हणजे बरणी ओलीस ठेवायची. मग मी तिला सगळं स्पष्ट सांगितलं, की वहिनींची भट्टी तयार आहे, फक्त ही चव नाही. बरणी गेली की भट्टी जोरात चालेल, आणि भट्टी चालली की इकडं यायचं कारण एकानं कमी होईल. हे तुला चालणार आहे का?

तिनं पदरानं बरणीचा काठ पुसला. म्हणाली, "लेकराला परक्याच्या दारी ठिवायचं, का त्येच्या घरी?"

तर उद्या, रविवारी, पहिल्या गाडीनं आम्ही दोघी येतोय. सासूनं सुनेच्या माहेरी न बोलावता यायची आपल्यात रीत नाही, हे आण्णांनी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मी कुठं सुनंकडं निघालीया? मी बरणी पोचवाय निघालीया." दादा येत नाही. मीच नको म्हटलं. त्याला जे बोलायचं आहे ते त्यानं वेगळं येऊन, स्वतःच्या तोंडानं बोलावं. पास काढलाय त्यानं.

परत कधी येणार, येणार की नाही, हे आम्ही विचारणार नाही. मी आईकडून तसं कबूल करून घेतलंय. बरणी देऊ, चहा घेऊ आणि संध्याकाळच्या गाडीनं निघू. चहात वेलदोडा घाला, मी पिईन. तुमच्या भट्टीचा पाव आई खाणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तिनं बरोबर आणायला केळ्याचा पाव केलाय, सहावा, न मुरवता. तो तुम्ही आणि ती, दोघींनी एका ताटात घ्यावा अशी तिची इच्छा आहे. ती बोलणार नाही, म्हणून मी सांगून ठेवते.

मी लिहीत असताना ती शेजारी बसून बरणीला स्वेटरची बाही घट्ट बांधते आहे. आणखी काय लिहू, असं विचारलं तर म्हणाली, "लिही, आजचं खानं मी घातलंय. उद्याचं तिनं घालावं."

उद्या भेटेपर्यंत,
तुमची स्वप्नाली,
आणि बरणी मांडीवर घेऊन येणाऱ्या आई